मधुमेह ऑनलाइन शिकताना: कुठून सुरुवात करावी, कोणत्या क्रमाने जावं आणि काय पडताळून पाहावं

मधुमेहाबद्दल इंटरनेटवर माहिती भरपूर आहे, चुकतो तो क्रम. बहुतेक जण ‘काय खावं, काय टाळावं’ या व्हिडिओंपासून सुरुवात करतात. साखर एकदम खाली गेली तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, हा धडा त्यांच्यासमोर येतच नाही, कारण तो कुणी शोधत नाही. शिवाय हा विषय नुसता बघून कळल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्ष वेळ आली की हात अडखळतो. म्हणून इथे आधी जिवावर बेतू शकतं ते घेतलं आहे, मग मोजमाप, मग आहार, मग बाकीचं. प्रत्येक धड्यामागे स्वतःच्या मीटरवर किंवा स्वतःच्या हाताने करायचं एक काम आहे. ते काम होईपर्यंत धडा अर्धाच झाला असं धरा.

कोर्स उघडण्याआधी एक कागद

मधुमेहाचा प्रकार, सगळ्या औषधांची नावं आणि डोस, मीटरवर दिसणारं एकक, शेवटचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि त्याची तारीख, मूत्रपिंडाच्या तपासणीचा शेवटचा आकडा, एवढं एका कागदावर लिहून काढा. औषधाचं नाव म्हणजे ब्रँड नव्हे, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं आतल्या घटकाचं नाव. गोळी एकत्रित असेल तर तिच्यात दोन-तीन घटक सापडतील. ते वेगवेगळे लिहा.

आता साखर खाली पाडू शकणाऱ्या औषधांसमोर खूण करा: इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड, रेपाग्लिनाइड. मेटफॉर्मिन, ग्लिप्टिन गट आणि ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारी औषधं यांच्या जोडीला वरचं काही नसेल, तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ही खूण महत्त्वाची, कारण ‘कर्बोदकं निम्मी करा’ किंवा ‘जेवणाआधी तासभर चाला’ हा एकच सल्ला फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला चालून जातो आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला भोवळ आणू शकतो. व्हिडिओतला माणूस तुमची गोळी पाहून बोलत नसतो.

कोर्स पारखायचा कसा

ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने मधुमेह-शिक्षणासाठी काही कसोट्या घालून दिल्या आहेत, आणि त्या कुठल्याही देशातल्या कोर्सला लावता येतात. कोर्स पुराव्यावर आधारलेला आणि शिकणाऱ्याच्या गरजेला बसणारा हवा. अभ्यासक्रम लेखी हवा, शिकवणारे प्रशिक्षित हवेत, बाहेरच्या कुणीतरी गुणवत्ता तपासलेली हवी आणि शिकणाऱ्यांच्या निकालांची नियमित तपासणी व्हायला हवी. प्रकार १ साठीचा ‘डॅफ्ने’ आणि प्रकार २ साठीचा ‘डेस्मंड’ हे असे जुने, अभ्यासलेले कार्यक्रम, आणि दोन्ही आता ऑनलाइनही चालतात. तुम्हाला ते मिळोत न मिळोत, त्यांची विषयसूची पाहिली तरी हातातल्या कोर्समध्ये काय राहून गेलं आहे ते कळतं.

विषयसूचीत या गोष्टी शोधा: साखर कमी झाल्यास उपाय, आजारपणातले नियम, मोजमाप, आहार, व्यायाम, औषधं, पाय-डोळे-मूत्रपिंड, आणि मनावर येणारा ताण. पहिल्या दोन नसतील तर बाकी कोर्स कितीही देखणा असो, तो अपुरा आहे. कोणत्या प्रकारच्या मधुमेहासाठी आहे हे कोर्समध्ये लिहिलेलंच नसेल तर तो बहुधा प्रकार २ गृहीत धरतो, आणि प्रकार १ असलेल्या माणसाने तो तसाच्या तसा पाळणं धोक्याचं. गर्भारपणात तर लक्ष्यंच वेगळी असतात: साधारणपणे उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. तिथे सर्वसाधारण कोर्सचे आकडे कामाचे नाहीत.

‘मधुमेह उलटवा’ असं म्हणणाऱ्या कोर्सांबद्दल थोडं सविस्तर. प्रकार २ माघार घेऊ शकतो, यात खोटं काही नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला गेला. वर्षअखेरीस त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, तर दोन वर्षांनी ३६ टक्क्यांची. जाहिरातीत गळतं ते पुढचं: मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, पण वैद्यकीय देखरेखीत. शिवाय एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली आणि तोही औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावर, तरच त्याला माघार म्हणतात. कोर्स हे सगळं सांगत असेल तर पुढे ऐका. ‘गोळ्या फेकून द्या’ म्हणत शेवटी पूड विकत असेल तर तिथेच थांबा.

व्हिडिओतले आकडे तुमच्या आकड्यांत आणा

काही देशांत साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. मिलिमोलला १८ ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात: ३.९ म्हणजे ७०, ५ म्हणजे ९०, १० म्हणजे १८०. या लेखातले आकडे मिलिग्रॅममध्ये आहेत. हे तीन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले तर परदेशी धडा पाहताना गोंधळ उडत नाही.

पहिला धडा: साखर खाली गेली तर

७० च्या खालचं रीडिंग म्हणजे हायपो. ५४ च्या खाली गेलं तर मेंदूला साखर अपुरी पडू लागते आणि माणूस विचित्र वागू लागतो. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड ही नेहमीची लक्षणं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम मात्र बहुधा सुटतोच, हे घरच्यांनाही माहीत हवं.

उपाय असा: १५ ग्रॅम लगेच रक्तात जाणारी साखर घ्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर तेच पुन्हा करा. पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर साखर वर आल्यावर थोडं काहीतरी खा. १५ ग्रॅम म्हणजे ४ ग्रॅमवाल्या ग्लुकोजच्या चार गोळ्या किंवा साधारण १५० मिलिलिटर गोड फळांचा रस. चॉकलेट आणि बिस्किटं इथे चालत नाहीत, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी साधी साखर न खाता ग्लुकोजच घ्यावं. ही औषधं साध्या साखरेचं आतड्यात होणारं विघटनच लांबवतात.

लोक चुकतात ते १५ मिनिटं थांबण्यात. घाबरून हाताला लागेल ते खात सुटतात आणि दोन तासांनी मीटर ३०० दाखवतं. उलट बाजूची चूक अधिक गंभीर. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडमुळे आलेला हायपो एकदा बरा वाटला तरी कित्येक तासांनी परत येऊ शकतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत आणि मूत्रपिंड कमकुवत असेल तर. तिथे दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावं, जवळ ग्लुकागॉन (साखर वर आणणारं औषध) असेल तर द्यावं आणि रुग्णवाहिका बोलवावी.

या धड्याचं काम: स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर मोजून तीन पुड्या बांधा. एक उशाजवळ, एक पिशवीत, एक कामाच्या ठिकाणी. मग घरातल्या एका माणसाला तुमच्या तोंडून हे सगळं सांगा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे तुमचंही समजणं कच्चं आहे.

दुसरा धडा: मीटर काय सांगतं आणि काय नाही

हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ सोललेल्या बोटावरचा थेंब साखर बरीच वाढवून दाखवू शकतो आणि ओल्या बोटाने थेंब पातळ होतो. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला, मधोमध नव्हे. स्ट्रिपची डबी लगेच बंद करा, हवेतला ओलावा स्ट्रिप खराब करतो.

आता ऑनलाइन धड्यांत क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट. मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, साखर १०० किंवा त्याहून जास्त असताना ९५ टक्के रीडिंग खऱ्या आकड्याच्या १५ टक्के इकडे-तिकडे आली तरी मीटर उत्तीर्ण. म्हणजे खरी साखर १८० असताना मीटर १५३ दाखवू शकतं किंवा २०७. म्हणून काल १६५ आणि आज १७८ आलं यावरून आजच्या जेवणाला दोष देण्यात अर्थ नाही.

त्यावर तोड म्हणजे जोडीने मोजणं. एक जेवण निवडा. पहिल्या घासाआधी मोजा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजा. लोक शेवटच्या घासापासून वेळ धरतात आणि मग दोन दिवसांची तुलनाच होत नाही. तेच जेवण तेवढ्याच प्रमाणात तीन दिवस. पुढचे तीन दिवस फक्त एकच गोष्ट बदला: कर्बोदकांचा पदार्थ एक तृतीयांश कमी, किंवा जेवणानंतर १५ मिनिटं चालणं. दोन्ही एकदम बदललंत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. हायपोची खूण केलेलं औषध असेल तर प्रमाण घटवण्याआधी डॉक्टरांना विचारा. नोंद इतकी साधी ठेवा:

सोमवार, दुपार – आधी ११८, नंतर १९६, वाढ ७८
मंगळवार, दुपार – आधी १२६, नंतर १९४, वाढ ६८
बुधवार, दुपार – आधी १०९, नंतर १८५, वाढ ७६
गुरुवार, चालून – आधी १२१, नंतर १६२, वाढ ४१

तीन दिवस सत्तरच्या आसपास आणि चालल्यावर एकदम ४१. पुढचे दोन दिवसही असंच आलं तर तो मीटरचा खेळ नाही, चालण्याचा परिणाम आहे. बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली हे लक्ष्य धरतात. वयोवृद्धांसाठी आणि वारंवार हायपो येणाऱ्यांसाठी डॉक्टर ते मुद्दाम सैल ठेवतात.

एचबीए१सी म्हणजे साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी: ६ टक्के म्हणजे सुमारे १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३. मीटरची सरासरी आणि हा आकडा अजिबात जुळत नसेल तर रक्त तपासून घ्या. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या ॲनिमियात एचबीए१सी खोटा वाढतो, रक्तस्राव झाला किंवा रक्त चढवलं असेल तर खोटा उतरू शकतो.

तिसरा धडा: कर्बोदकं आणि लेबल

पाकिटावर १०० ग्रॅममागे ६० ग्रॅम कर्बोदकं आणि ‘एक वाढप ३० ग्रॅम’ असं लिहिलं असेल, तर वाढपात १८ ग्रॅम. तुम्ही ७५ ग्रॅम खाल्लंत तर ४५. आठवडाभर वजनकाटा वापरा, मग डोळ्यांना अंदाज येतो. कच्च्या धान्याचे आकडे शिजलेल्याला लावू नका. शिजताना धान्य पाणी पितं आणि वजन दुप्पट-तिपटीने वाढतं, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅममधली कर्बोदकं पुष्कळ कमी होतात.

परदेशी कोर्स पाहताना दोन ठिकाणी पाय घसरतो. अमेरिकी लेबलवरच्या एकूण कर्बोदकांत फायबर धरलेलं असतं, युरोपीय लेबलवर ते आधीच वगळलेलं असतं. अमेरिकी व्हिडिओ पाहून युरोपीय पाकिटावरचं फायबर पुन्हा वजा केलंत तर कर्बोदकं कमी मोजली जातात, आणि इन्सुलिन त्यावर ठरत असेल तर तेही कमी पडतं. दुसरं, ‘एक भाग कर्बोदकं’ म्हणजे कुठे १५ ग्रॅम, कुठे १०, कुठे १२. भागांत न शिकता थेट ग्रॅममध्ये शिका.

चौथा धडा: इन्सुलिन पाहून शिकताना

इन्सुलिन घेत नसाल तर हा भाग सोडून पुढे जा. घेत असाल तर आधी बाटली हातात घ्या आणि त्यावर ‘४० युनिट प्रति मिलिलिटर’ लिहिलंय की ‘१००’, ते वाचा. सिरिंजवरही तोच आकडा हवा. ४० च्या सिरिंजचं टोपण सहसा लाल असतं, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. व्हिडिओत बहुधा १०० ची दिसते. डोस २० युनिट असताना ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज घेऊन २० च्या खुणेपर्यंत भरलंत तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट जोडी झाली, म्हणजे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर जातात ५०. दुसरी चूक जीव घेऊ शकते.

पेन असेल तर दर वेळी नवी सुई लावा, आधी २ युनिट हवेत सोडून टोकावर थेंब दिसतो का पाहा, मग डोस लावा. प्रौढांसाठी ४ मिलिमीटरची सुई सहसा पुरते आणि ती सरळ टोचायची. बटण पूर्ण दाबून दहापर्यंत सावकाश मोजा, मग सुई काढा. घाईने काढली तर त्वचेवर थेंब राहतो आणि तेवढा डोस कमी जातो. दुधाळ इन्सुलिन दहा वेळा तळहातांत फिरवून आणि दहा वेळा उलटसुलट करून एकसारखं होऊ द्या. जोरात हलवू नका.

या धड्याचं काम बोटांनी करायचं आहे. अंघोळीत साबण लावलेली बोटं पोटावरून आणि मांड्यांवरून सपाट फिरवा. रबरासारखी गाठ किंवा जाडसर चकती लागली तर तिथे इन्सुलिन टोचू नका. ती जागा दुखत नाही, म्हणूनच माणूस तीच निवडतो, आणि तिथून इन्सुलिन कधी किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. मात्र जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. निरोगी जागेवर तोच डोस जास्त लागू पडतो आणि हायपो होऊ शकतो. नव्या जागेवरही दोन टोचण्यांमध्ये किमान एक सेंटिमीटर अंतर ठेवा.

त्वचेला साखर सतत मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांसाठी थोडक्यात: अहवाल १४ दिवसांचा आणि किमान ७० टक्के वेळ नोंद झालेला असेल तरच वाचा. साधारण लक्ष्य असं की ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. रात्री सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्याने दाबामुळे खोटी घसरण दिसते, बोटाने खात्री करा.

पाचवा धडा: आजारपणाचा कागद

हा धडा ताप येण्याआधी शिकायचा. ताप, उलटी किंवा जुलाब असताना कमी खाल्लं तरी साखर वाढू शकते, कारण शरीर ताणाखाली साखर सोडत राहतं. ‘जेवलो नाही, म्हणून इन्सुलिन घेतलं नाही’ हे प्रकार १ मध्ये अतिदक्षता विभागाचं तिकीट ठरतं. दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन बंद करायचं नसतं, डोस मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलतो. साखर दर दोन ते चार तासांनी मोजा, पाणी घोटाघोटाने पीत राहा. प्रकार १ असेल तर रक्तातली किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं, तपासा (हे आकडे मात्र मिलिमोल प्रति लिटरमध्ये): ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांना लगेच फोन, ३ च्या वर थेट रुग्णालय. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर आकड्याची वाट पाहू नका.

ग्लिफ्लोझिन गटाचं औषध खाणं-पिणं थांबलेल्या दिवसांत बहुधा तात्पुरतं बंद ठेवायला सांगतात, कारण त्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. मीटर २०० दाखवत असतं आणि माणूस मात्र धापा टाकत असतो. शरीरातलं पाणी घटलं असेल तर मेटफॉर्मिनबद्दलही विचारावं लागतं. या धड्याचं काम: तुमच्या औषधांपैकी आजारपणात कोणतं चालू, कोणतं बंद आणि पुन्हा कधी सुरू, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून त्यांच्या हातचं लिहून घ्या.

प्रत्यक्ष वर्ग असेल तेव्हा

कोर्समध्ये थेट व्हिडिओ वर्ग असेल तर तो वेळ व्याख्यान ऐकण्यात घालवू नका. व्याख्यान रेकॉर्डिंगमध्येही मिळतं, तुमचा हात पाहणारा माणूस मिळत नाही. मोबाइल पुस्तकाला टेकवा, प्रकाश समोरून येऊ द्या आणि मीटरवर मोजण्यापासून पेन लावण्यापर्यंत सगळं कॅमेऱ्यासमोर करून दाखवा. प्रश्न आकड्यांसकट विचारा. ‘साखर वाढते, काय करू?’ याला कुणाकडेच उत्तर नसतं. ‘दुपारी आधी ११८, नंतर १९६, तीन दिवस असंच’ याला असतं. रिपोर्टचा फोटो पाठवताना नाव आणि नोंदणी क्रमांक झाका. चॅटबॉटकडून अवघड रिपोर्ट सोप्या भाषेत समजून घ्यायला हरकत नाही, पण डोस त्याला विचारू नका.

पायांची एक तपासणी व्हिडिओ कॉलवरही शिकता येते. डोळे मिटून झोपा. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटाने अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली आहे असं समजून पाय तपासून घ्या. सगळीकडे कळला तरी डोळ्यांची, लघवीतल्या प्रथिनांची आणि पायांची वार्षिक तपासणी चुकवू नका.

पुन्हा कधी शिकायचं

निदान झाल्यावर एकदा, मग दर वर्षी किंवा लक्ष्य गाठलं जात नसेल तेव्हा, नवी गुंतागुंत उभी राहिली की, आणि आयुष्यात किंवा उपचारात मोठा बदल झाला की, अशा चार वेळा जाणकारांनी ठरवल्या आहेत. संपूर्ण कोर्स दर वेळी लागत नाही. गोळ्यांवरून इन्सुलिनवर आलात तर पहिला आणि चौथा धडा पुन्हा करा. पाळीची ड्युटी सुरू झाली तर जेवणाच्या बदललेल्या वेळांवर जोडीने मोजणं पुन्हा करा. यादीत नुसतं एक ग्लिफ्लोझिन वाढलं असेल तर आजारपणाचा जुना कागद त्याच दिवशी फाडा आणि नवा लिहून घ्या.